कॅसेटचं कपाट रिकामं करताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की घरातल्या सीडी-कॅसेट आता हार्ड डिस्कवर घेऊन टाका कारण त्या खराब व्हायच्या आधी त्या वाजवणारी यंत्रंच मरणार आहेत. बस एवढंच. त्यावर इतके मेल आले की घरात मला विचारलं, तू काही भलतंसलतं लिहिलंस का म्हणून. तेव्हा या वेळचं अख्खं सदर याच विषयाला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, निदान तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायचीत. बाबांच्या ३०० सीडी, दीडशे कॅसेट आणि ६० एलपी आहेत. बायको म्हणते सामान निम्मं कर. मला सगळंच एकदा २४ बिट १९२ किलोहर्ट्झमध्ये करून घ्यायचंय म्हणजे परत हात लावायला नको. किती जागा लागेल आणि सुरुवात कुठून करू? (एक वाचक, डोंबिवली)

बायकोचं ऐका, पण निम्मं कुठलं ते तुम्ही ठरवा.

आधी आकड्यांचं बघू कारण तिथेच सगळे अडकतात. किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले, आणि बिट म्हणजे एकेक नमुना किती बारकाईने मोजला. सीडी ही मुळातच डिजिटल आहे, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तेच. म्हणजे सीडीवरचं गाणं तुम्ही १९२ मध्ये 'करून' घेतलंत तर फाइल मोठी होते, गाणं नाही. अर्धा लिटर दूध पाच लिटरच्या पातेल्यात ओतलं तर दूध अर्धा लिटरच राहतं, वर पातेलं घासावं लागतं ते वेगळंच. सीडी जशी आहे तशी, एकही बिट न सांडता, फ्लॅक फॉरमॅटमध्ये काढून घ्यायची. फ्लॅक म्हणजे झिप फाइलसारखं समजा, जागा कमी होते पण उघडल्यावर आतलं सगळं जसंच्या तसं, एमपीथ्रीसारखं काही कापून टाकलेलं नसतं. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट असतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्या-पाऊणवर येतो, तेव्हा एका सीडीला ३५० एमबीच्या आसपास धरा, ३०० सीडींना फार तर ११० जीबी. एलपी २४ बिट ९६ मध्ये घ्या, चाळीस मिनिटांची एलपी कच्ची सव्वा-दीड जीबी होते, फ्लॅक केली की त्याहून बरीच कमी. कॅसेट २४ बिट ४८ मध्ये घ्या, त्याच्यावर जायचं तर त्या फितीत तेवढं वर काही असतच नाही. सगळं मिळून एक टीबीच्या डिस्कमध्ये आरामात बसतं आणि निम्मी डिस्क उरते. जागेचा प्रश्न तुमच्याकडे नाहीच आहे, वेळेचा आहे.

कारण सीडी पाच-दहा मिनिटांत निघते, पण कॅसेट तासाची असेल तर तासच लागणार, तिला घाई करता येत नाही. दीडशे कॅसेट म्हणजे दीडशे तास, एलपींचे चाळीस तास वेगळे. रोज दोन कॅसेट म्हटल्या तरी अडीच महिने, आणि रोज दोन काही होत नाहीत हे मी स्वतःवरून सांगतो.

म्हणून क्रम. बहुतेक लोक सीडीपासून सुरू करतात कारण ते सोपं आहे, आणि कॅसेटपर्यंत पोचेपर्यंत उत्साह संपतो. तुम्ही उलटं करा. पहिल्यांदा ते काढा जे जगात फक्त तुमच्याच घरी आहे. घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग, रेडिओवरून टेप केलेलं, मुंजीत मामाने गायलेलं, असलं सगळं. त्याच गठ्ठ्यात घरी बर्न केलेल्या सीडी टाका, त्या पेनाने नाव लिहिलेल्या, कारण छापील सीडीत खड्डे दाबून काढलेले असतात पण बर्न केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि तो उन्हाने, उकाड्याने उडतो, वीस वर्षांपूर्वीच्या किती तरी आज वाचल्या जात नाहीत. मग दुसरा गठ्ठा, जे छापील आहे पण आता कुठे मिळत नाही, छोट्या कंपन्यांच्या मराठी आणि शास्त्रीय कॅसेट त्यात येतात. छापील सीडी त्यानंतर. एलपी सगळ्यात शेवटी, कारण नीट उभ्या ठेवल्या तर त्या तुमच्या नातवालाही वाजवता येतील. आणि जे स्ट्रीमिंगवर लॉसलेसमध्ये, म्हणजे फ्लॅकसारखं काहीही न कापता, सरळ मिळतंय त्याला हात लावूच नका, फक्त ते खरंच तेच रेकॉर्डिंग आहे का एवढं बघून घ्या, कारण एकाच गायकाचा एकच राग चार वेगवेगळ्या मैफलींतला असतो आणि कव्हरचा फोटो भलत्याच मैफलीचा.

सीडी काढायला विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे, मॅकवर एक्सएलडी. यांचं वैशिष्ट्य असं की ओरखड्याच्या जागी अंदाजाने भरत नाहीत, परत परत वाचतात, आणि अ‍ॅक्युरेटरिप नावाच्या सोयीने तुमची कॉपी इतरांनी काढलेल्या त्याच सीडीशी ताडून बघतात. मराठी सीडी त्या यादीत सहसा सापडत नाहीत, तिथे 'टेस्ट अँड कॉपी' करा, म्हणजे ते दोनदा वाचतं आणि दोन्ही वेळचे आकडे जुळले की निर्धास्त.

आणि हे सगळं मी एवढ्या ठामपणे का सांगतोय तर २००४ साली मी माझ्या दोनशे कॅसेट मोठ्या हौसेने १२८ केबीपीएस एमपीथ्रीमध्ये केल्या आणि कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. तेव्हा हार्ड डिस्क ४० जीबीची होती, तेच शहाणपणाचं वाटलं. आज चांगल्या स्पीकरवर त्यातला तंबोरा ऐकला की बादलीत वाजतोय असं वाटतं.

माझ्या आईच्या आवाजाच्या ११ कॅसेट आहेत, ऐंशीच्या दशकात भजनी मंडळात आणि गणेशोत्सवात गायलेल्या, ती आता नाही. एक कॅसेट फिरते पण आवाज अगदी दबका येतो. एका दुकानात विचारलं तर ते एमपीथ्री करून देतो म्हणाले, आवाज "क्लीन" करून. देऊ का त्यांच्याकडे? (एक वाचिका, सांगली)

ताई, देऊ नका. निदान "क्लीन" हा शब्द ऐकून तरी देऊ नका, त्याचं कारण आत्ताच सांगतो.

कॅसेटची खरखर काढायला सॉफ्टवेअरला आधी दाखवावं लागतं की 'ही बघ नुसती खरखर'. मग लोक कुठला तुकडा दाखवतात, तर गाणं सुरू व्हायच्या आधीचा. पण आपल्या गाण्यात तिथे शांतता कुठे असते, तिथे तंबोरा लागलेला असतो, पेटीचा सूर भरलेला असतो! सॉफ्टवेअर त्यालाच खरखर समजतं आणि अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तंबोऱ्याची जवारी खाऊन टाकतं, आणि तुमच्या आईच्या आवाजातला श्वास, स, श, टाळांची किणकिण, सगळं त्याच्याबरोबर जातं. उरतो तो आवाज फोनवरून गायल्यासारखा. मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या काही 'रीमास्टर' सीडींमध्येही हा प्रकार झालाय. तेव्हा नियम एकच, मूळ कॉपी खरखरीसकट जशीच्या तशी जपायची, साफसफाई करायची तर तिच्या दुसऱ्या कॉपीवर.

आता ती दबकी कॅसेट. ती उघडीकडून बघा, मधोमध तांब्याच्या पट्टीवर एक छोटा नमद्याचा तुकडा असतो जो फितीला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक वाळतो आणि तो पडतो, मग फीत फिरते पण हेडला नीट टेकत नाही. नव्वद टक्के तेच असेल असं नाही म्हणत, पण आधी तेच बघावं. उपाय म्हणजे स्क्रूवाली एक रिकामी चांगली कॅसेट घ्यायची, तिच्यातली फीत काढून तुमची रिळं तिच्यात बसवायची. पाच स्क्रू असतात, टेबलावर पांढरा कपडा घाला, पंखा बंद ठेवा, आणि आधी एखाद्या नकोशा कॅसेटवर हात बसवा. फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसली तर मात्र ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, ती बुरशी हेडवर जाते आणि तिथून उरलेल्या दहांवर.

डेक कुठलाही चालेल असं नाही. ते ऑनलाइन मिळणारे यूएसबीवाले वॉकमनसारखे डबे असतात त्यांची गती डुलते, आणि आपल्या गाण्यात मागे सतत एक सूर धरलेला असल्यामुळे ते डुलणं लगेच कानाला लागतं, सिनेमाच्या गाण्यात एक वेळ खपून जातं. कुणाच्या तरी घरी धूळ खात पडलेला जुना मोठा डेक शोधा, बेल्ट बदलून घ्या, हेड आणि रबराची चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. रेकॉर्ड करायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत सुटी होते.

मग अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा तिरकेपणा. ज्या टेपरेकॉर्डरवर आईचं गाणं भरलं त्याचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड एकाच कोनात असेल असं नाही, आणि केसभर फरक असला तरी आवाज बोथट होतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, गाणं चालू ठेवून तो अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि टाळांचा आवाज सगळ्यात लख्ख कुठे येतो तिथे थांबायचं. या एका स्क्रूने जेवढा फरक पडतो तेवढा लाखभराच्या यंत्रानेही पडत नाही. डेकवरचं डॉल्बीचं बटण (मिरवणुकीतली डॉल्बी नाही, ही खरखर कमी करायची सोय) बंद ठेवा, घरगुती रेकॉर्डिंग बहुतेक डॉल्बीशिवायच असतं.

डेकमधून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते माइकसाठी आहे, बहुतेक लॅपटॉपला तिथे एकच चॅनल असतो आणि आवाज फाटतो. लाइन इन असलेला एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) घ्या, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, २४ बिट ४८. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या आवाजालाही मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटचा खरा उपयोग हाच आहे, कमी लेव्हलवर घेतलं तरी काही बिघडत नाही आणि मध्येच कुणी माइकजवळ टाळ आपटला तरी फाटत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, मागची घूं थांबली तर बॅटरीवरच करा.

अकरा कॅसेट आहेत फक्त. दोन रविवार जातील. दुकानात टाकू नका.

काका म्हणतात रेकॉर्डचा आवाज 'वॉर्म' असतो आणि डिजिटल म्हणजे पायऱ्या पायऱ्या, त्यामुळे निदान १९२ तरी पाहिजे म्हणजे पायऱ्या बारीक होतात. मी इंजिनीअरिंगला आहे, मला हे पटत नाही पण त्यांना पटवताही येत नाही. (एक विद्यार्थी, पुणे)

काकांना पटवायला जाऊ नकोस, त्यांच्याकडे रेकॉर्ड आहेत, त्या ऐकायला जात जा.

पण तुझ्यासाठी सांगतो. पायऱ्या नसतात. ते पायऱ्यांचं चित्र पुस्तकात सोयीसाठी काढतात आणि त्याने दोन पिढ्यांचा घोळ केलाय. सॅम्पलिंगचा सिद्धांत असा की ज्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पाहिजे तिच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घेतले तर मधली रेषा पूर्ण परत मिळते, अंदाजाने नाही, पूर्ण. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून ४४.१. काकांच्या वयाला १२-१३ च्या वरचं काही ऐकू येत असेल तर त्यांचं अभिनंदन कर. बिट म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, १६ बिटला ९६ डेसिबल, २४ ला कागदावर १४४. एलपीला ६०-७० मिळाले तरी खूप झाले. म्हणजे आकड्यांच्या शर्यतीत एलपी सीडीच्या मागे आहे, हे काकांना सांगू नकोस.

मग हाय रेझ म्हणून, म्हणजे सीडीहून मोठ्या आकड्यांत, काढलेला एखादा अल्बम सीडीपेक्षा खरंच चांगला का वाजतो? वाजतो कधी कधी, मलाही तसा अनुभव आहे. पण तो ९६ किंवा १९२ मुळे नाही, तर त्यासाठी कुणीतरी मूळ टेप परत काढली, चांगल्या मशीनवर लावली आणि आवाज न ठासता घेतला म्हणून. तोच नवीन मास्टर १६-४४.१ मध्ये उतरवून डोळे झाकून ऐकव काकांना. उलट बाजू अशी की नव्वदच्या दशकात जे मुळातच १६ बिटवर रेकॉर्ड झालंय ते आज २४-१९२ चा शिक्का मारून विकत असतील तर तो शिक्क्याचा धंदा आहे. ९६ किंवा २४ बिटला माझा विरोध नाही, रेकॉर्ड करताना मी तेच वापरतो, एलपीवरचे टक्-टक् काढणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते सोयीचं पडतं. ऐकताना मात्र तो पैसा स्पीकरवर घाल. आणि खोलीत एक जाड पडदा लाव, सगळ्या डॅकपेक्षा (डिजिटल आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या डब्या) जास्त फरक पडेल.

काकांची 'वॉर्मथ' खोटी आहे असं नाही बरं का. रेकॉर्डमध्ये आणि सुईत थोडीशी आवाजाची मोडतोड होते आणि ती कानाला गोड लागते, विड्यात चुना लागतो तशी. गंमत म्हणजे तीच रेकॉर्ड चांगल्या टर्नटेबलवरून डिजिटल करून घेतलीस तर वॉर्मथही फाइलमध्ये येते.

मुलाने येताना न्यू जर्सीहून सेकंडहँड टर्नटेबल आणला, ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. पण सगळ्या रेकॉर्ड झोपाळलेल्या वाजतात. मोटर गेली का? (एक वाचक, नाशिक)

मोटर ठणठणीत आहे, वीज वेगळी आहे. जुन्या बऱ्याच टर्नटेबलची मोटर विजेच्या हेलकाव्याला बांधलेली असते, तिकडे ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची थाळी तुमच्याकडे २७.८ ने फिरतेय, म्हणजे गाणं पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांहून थोडं जास्तच खाली, काळी चारमध्ये गाणारी बाई तुमच्याकडे पांढरी चारलाही नीट पोचत नाही. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळते का बघा, चांगल्या लेथवाल्याकडूनही करून घेता येते. आणि तसल्या अवस्थेत काही रेकॉर्ड करून ठेवलं असेल तर पुसू नका, ऑडॅसिटीत गती २० टक्क्यांनी वाढवली की सूर जागेवर येतो. पुढचा टर्नटेबल डीसी मोटरचा किंवा डायरेक्ट ड्राइव्ह बघून घ्या, त्याला ही भानगड नसते.

आज्जीच्या ट्रंकेत ७८ च्या चाळीसेक तबकड्या सापडल्या, नाट्यगीतं आहेत, केसरबाई केरकरांची एक आहे. पावसाने बुरशी धरलीय. चावीचा ग्रामोफोनपण आहे, त्यावर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल? (एक वाचक, फोंडा)

नको नको. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन आणि ती धरणारा तो जड साउंडबॉक्स प्रत्येक वेळी तबकडी थोडी थोडी खरवडतो. शोभेला ठेवा तो.

आधी साफसफाई, आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची, एलपीला चालतं म्हणून लोक अल्कोहोल वापरतात, ७८ ला अजिबात लावू नका. या तबकड्या लाखेच्या असतात, आपल्याच जंगलातली लाख, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. गाणं अक्षरशः पुसलं जाईल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेने गोल गोल, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच टिपून उभी करून सावलीत वाळवायची. पाण्यात बुडवून ठेवू नका. मास्क लावा, बुरशी नाकात जाते. आणि चाळीस एकावर एक आडव्या ठेवल्या असतील तर आजच उभ्या करा, लाख ठिसूळ असते, खालच्या तडकतात.

वाजवायला ७८ ची गती असलेला टर्नटेबल आणि ७८ ची वेगळी सुई. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची, ७८ ची ७५ च्या आसपास, कारण खोबणच रुंद. एलपीची सुई लावलीत तर ती खोबणीच्या तळाला घासत जाते, तिथे सगळी वर्षानुवर्षांची घाण असते, नुसती खरखर येते आणि लोकांना वाटतं रेकॉर्डच गेली. ७८ ची गती नसेल तर ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत गती बदला, तिथे ४५ वरून ७८ असा तयार पर्यायच आहे, आवाजाचा तोल थोडा हलतो पण गाणं हाती लागतं. मोनो आहे म्हणून एक चॅनल घेऊ नका, दोन्ही घ्या, खोबणीची एक भिंत झिजलेली असते आणि दुसरी चांगली, नंतर चांगली निवडता येते.

आणि सूर पेटीवर तपासा. '७८' हा आकडा त्या काळी सगळीकडे अगदी काटेकोर नव्हता. केसरबाईंचं म्हणाल तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर त्यांचं गाणं अंतराळात गेलंय आणि ती तबकडी १६⅔ ने फिरवायची आहे, तशा सूचना वरच कोरून ठेवल्यात. आपल्या ट्रंकेतल्या तबकडीवर एवढंही कुणी लिहीत नाही, तेव्हा लेबलचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा, आणि खोबणी संपतात तिथे कोरलेला नंबरही.

मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी वर्षानुवर्षं या तबकड्यांवर काम करतायत. केसरबाईंच्या त्या तबकडीचा नंबर त्यांना कळवा, एखाद वेळी ते तुमच्याहून जास्त खूश होतील.

अ‍ॅपल म्युझिकवर लॉसलेस चालू केलं, ब्लूटूथ हेडफोनवर काहीच फरक कळत नाही. माझे कान खराब आहेत का? (एक वाचिका, ठाणे)

कान उत्तम. ब्लूटूथमधून लॉसलेस जातच नाही बहुतेक वेळा, फोन ते परत दाबून पाठवतो. ब्लूटूथच्या दाबायच्या पद्धतींपैकी चांगल्यातला एलडॅक म्हटला तरी त्याची कमाल ९९० केबीपीएस आणि सीडीला लागतात १४११, आणि आयफोनमध्ये तो नाहीच. वायरचा हेडफोन आणि हजार-दोन हजारांचा डॅकवाला डोंगल लावून बघा. घरात मोठ्या सिस्टिमवर ऐकायचं तर वायफायवाला स्ट्रीमर घ्या, विम नावाचे स्वस्तात बरे असतात (हो, नाव ऐकून मीही आधी सिंकजवळच बघितलं). लोकलमध्ये ऐकत असाल तर काहीच करू नका, तिथे डब्याच्या आवाजापुढे सगळे फॉरमॅट सारखे.

सगळं फ्लॅक केलं, पण आता सापडत काहीच नाही. एकच गायक चार स्पेलिंगने येतो, रागाने शोधता येत नाही, आणि बडा ख्याल संपून छोटा सुरू होताना मध्येच गाणं तुटतं. (एक वाचक, बडोदे)

तुटतं त्याचा उपाय सोपा, प्लेयरमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅकच्या मध्ये न थांबणं) शोधा आणि चालू करा, ज्यात ते नाही तो प्लेयर आपल्या कामाचा नाही. तीन मिनिटांच्या गाण्यांसाठी केलेल्या वस्तू आहेत या, विलंबितातून द्रुतमध्ये जाताना समेवर कात्री चालवतात.

नावांचं मात्र बसून करावं लागतं. इंटरनेटवरून आपोआप येणारी माहिती शास्त्रीय संगीतासाठी निव्वळ कचरा, गायकाच्या जागी कंपनीचं नाव, रागाच्या जागी 'ट्रॅक ०३', आणि जॉनर म्हणून 'वर्ल्ड'. फ्लॅकमध्ये हवा तो टॅग, म्हणजे फाइलला जोडलेली माहितीची चिठ्ठी, स्वतः बनवता येतो हे लोकांना माहीत नसतं. राग, ताल, तबला, पेटी, गाव, साल असे वेगळे टॅग करा, फूबार नावाच्या प्लेयरमध्ये त्या रकान्यांनी यादी लावता येते. गायकाचं नाव एकदाच ठरवा, मी देवनागरीतच लिहितो कारण रोमनमध्ये जोशींचेही तीन प्रकार होतात, फक्त गाडीतला प्लेयर देवनागरी दाखवतो का ते आधी तपासा, माझा चौकोन दाखवतो. फोल्डरचं नाव मात्र रोमनमध्ये आणि छोटं. कॅसेटच्या इनले कार्डाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. आणि साथीला कोण होतं हे घरात ज्यांना आठवतं त्यांना आधी विचारून घ्या, पहिली दोन मिनिटं ऐकवली की म्हातारी माणसं ठेक्यावरून तबलजी ओळखतात, हा अनुभव तुम्हीही घ्या.

एलपीवरून घेतलेलं यूट्यूबवर टाकलं तर चालतं का? रेकॉर्ड माझ्या मालकीची आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

तबकडी तुमची, गाणं नाही. स्वतः ऐकायला कॉपी काढण्यात अडचण नाही, जगाला वाटणं वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी असली तरी कवी नुकताच गेलेला असू शकतो. पारंपरिक बंदिशीची साठ वर्षांहून जुनी ७८ असेल तर बहुतेक मार्ग मोकळा.

सगळ्या सीडी डिस्कवर घेऊन झाल्या. आता सीडी प्लेयर आणि सीडी विकून टाकू ना? (एक वाचक, नागपूर)

आधी सांगा दुसरी डिस्क कुठे आहे? नाही ना. एक डिस्क म्हणजे शून्य डिस्क असं धरून चाला, माझी टेबलावरून पडली तेव्हा मांजराला रागावून काही उपयोग झाला नाही. दुसरी घ्या, कॉपी करा, आणि ती घरात नको, भावाकडे ठेवा, दिवाळीत जाल तेव्हा अदलाबदल करा. फ्लॅक फाइलच्या आत तिचा स्वतःचा शिक्का असतो, फूबारमध्ये वर्षातून एकदा सगळ्या तपासायला लावा, कुठली सडली असेल तर लगेच कळतं आणि चांगली कॉपी भावाकडून येते. फक्त क्लाउडवर विसंबू नका, पासवर्ड तुमच्याबरोबरच जातो.

एवढं झालं की विका खुशाल. फक्त प्लेयर देण्याआधी त्याचा ट्रे एकदा उघडून बघा, मी विकला तेव्हा आत एक राहिली होती, आणि नेमकी तीच काढायची राहिली होती.